पुरुषांमधील अग्रत्वचेचा घट्टपणा : मलमापासून शस्त्रक्रियेपर्यंतचे उपचार

भिलाई (छत्तीसगड) : शिश्नाच्या टोकावरील त्वचा मागे न सरकणे ही पुरुषांमध्ये नेहमी आढळणारी तक्रार आहे. तिच्यावर उपचार आहेत आणि बहुतेक वेळा ते साधेही असतात. तरीही संकोचामुळे अनेक रुग्ण वर्षानुवर्षे गप्प राहतात. लग्न ठरल्यावर, लघवीला त्रास होऊ लागल्यावर किंवा जखम चिघळल्यावरच ते डॉक्टरांकडे जातात. या विलंबाची किंमत काही वेळा मोठी असते. प्रौढ वयात नव्याने आलेला घट्टपणा ही मधुमेहाची पहिली खूण असू शकते, मागे जाऊन अडकलेली त्वचा काही तासांत तातडीचे संकट उभे करते आणि बंद त्वचेखाली वाढणारी गाठ दीर्घकाळ दृष्टीआड राहते.

भिलाईसारख्या औद्योगिक शहरात हा विषय विशेष लक्ष देण्याजोगा आहे. सोव्हिएत सहकार्याने उभारलेल्या येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. तेव्हापासून देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेले कामगार येथे स्थायिक झाले असून त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. भट्टीजवळची उष्णता, तासन्‌तास अंगावर राहणारे घामट कपडे आणि पाळ्यांमधील काम यांमुळे जांघेतील त्वचेचे बुरशीजन्य विकार बळावू शकतात. अग्रत्वचेला वारंवार येणारी सूज हा त्याच साखळीचा एक भाग असतो.

हा विकार नेमका काय?

शिश्नाचे टोक, म्हणजे शिश्नमुंड, ज्या सैल त्वचेने झाकलेले असते तिला अग्रत्वचा म्हणतात. ही त्वचा मागे सरकवता न येणे, किंवा सरकवताना तिच्या तोंडाशी घट्ट कडे तयार होणे, याला वैद्यकीय परिभाषेत ‘फायमोसिस’ म्हणतात. काहींमध्ये त्वचा एरवी मागे जाते, पण ताठरता आल्यावर अडते. काहींमध्ये दोष कड्यात नसून खालच्या बाजूने त्वचेला शिश्नमुंडाशी जोडणाऱ्या आखूड पट्टीत असतो. संबंधाच्या वेळी ही पट्टी ताणली जाते, क्वचित फाटते आणि रक्त येते. या तिन्ही प्रकारांचे उपचार वेगवेगळे आहेत. म्हणूनच तपासणी न करून घेता ऐकीव औषध घेणे व्यर्थ ठरते.

भारतीय वैद्यकाला हा विकार नवा नाही. सुश्रुतसंहितेत ‘निरुद्धप्रकश’ या नावाने त्वचेचे तोंड आवळले जाण्याचे, तर ‘परिवर्तिका’ या नावाने त्वचा मागे जाऊन अडकण्याचे वर्णन आहे. पहिल्या विकारात तूप लावलेली पोकळ नळी बसवून ती दर तीन दिवसांनी अधिक जाड करत नेण्याचा, तर दुसऱ्यात शिश्नमुंड दाबून त्वचा हळूहळू पुढे आणण्याचा विधी तेथे सांगितला आहे. आज नळी वापरली जात नाही. परंतु त्वचा एकदम न ओढता सावकाश ताणावी आणि अडकलेली त्वचा दाब देऊन पुढे आणावी, ही दोन्ही तत्त्वे आधुनिक उपचारांतही दिसतात.

लहान मुलांत तो आजार नसतो

नवजात मुलामध्ये अग्रत्वचा शिश्नमुंडाला आतून चिकटलेली असते. वयानुसार ती आपोआप सुटत जाते. डेन्मार्कमधील शाळकरी मुलांवर झालेला आणि १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत आजही प्रमाण मानला जातो. त्यात सहा-सात वर्षांच्या मुलांमध्ये घट्टपणाचे प्रमाण सुमारे ८ टक्के, तर सोळा-सतरा वर्षांच्या मुलांमध्ये केवळ १ टक्का आढळले. त्वचा चिकटलेली असण्याचे प्रमाणही याच वयात ६३ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आले होते. म्हणजे बहुसंख्य मुलांमध्ये काळ हाच उपाय असतो.

आंघोळ घालताना बाळाची त्वचा रोज जोर लावून मागे ओढण्याची सवय अनेक घरांत आहे. ती थांबवली पाहिजे. जबरदस्तीने ओढल्यास त्वचेला बारीक चिरा पडतात, त्या भरताना व्रण तयार होतो आणि जो घट्टपणा कालांतराने गेला असता तो कायमचा होतो. बाहेरून कोमट पाण्याने धुणे पुरेसे असते. लघवी करताना त्वचा क्षणभर फुगणे हेदेखील एवढ्याने आजाराचे लक्षण ठरत नाही. मात्र लघवीची धार बारीक होणे, वारंवार सूज किंवा पू येणे, लघवीला ताप व वेदना होणे, त्वचेच्या तोंडाशी पांढरे कडक वलय दिसणे यांपैकी काही आढळल्यास मुलाला डॉक्टरांकडे न्यावे.

प्रौढ वयात घट्टपणा का येतो?

आधी सहज मागे जाणारी त्वचा पुढे घट्ट होऊ लागली, तर त्यामागे कारण असते आणि ते शोधावे लागते. पहिले कारण म्हणजे शिश्नमुंड व अग्रत्वचेचा वारंवार होणारा दाह. खाज, लाली, पांढरट साका, दुर्गंधी, त्वचेला उभ्या बारीक भेगा ही त्याची लक्षणे. प्रत्येक भेग भरून येताना त्वचा थोडी आवळते आणि काही महिन्यांत कडे तयार होते.

या दाहामागे मधुमेह असणे फार सामान्य आहे. लघवीतील साखर बुरशीला पोषक ठरते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. त्यांतील अनेकांना आपल्या आजाराची कल्पनाही नसते. त्यामुळे चाळिशीच्या आसपासच्या पुरुषाला अग्रत्वचेच्या भेगा पडू लागल्या, तर रक्तातील साखर तपासणे हे पहिले पाऊल ठरते. मधुमेहावरील डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारखी औषधे साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, त्यामुळे त्यांच्या वापरात जननेंद्रियाचा बुरशीसंसर्ग अधिक दिसतो. हृदय व मूत्रपिंडासाठी ही औषधे उपयुक्त असल्याने ती परस्पर बंद करू नयेत. तक्रार डॉक्टरांना सांगावी.

दुसरे महत्त्वाचे कारण ‘लायकेन स्क्लेरोसस’ हा त्वचाविकार. यात त्वचा पांढरी, चकचकीत व चामड्यासारखी ताठ होते. हा संसर्गजन्य आजार नाही आणि लैंगिक संबंधातून पसरतही नाही. मात्र तो मूत्रमार्गाच्या तोंडापर्यंत पोहोचल्यास लघवीची वाट अरुंद होते आणि दीर्घकाळ दुर्लक्ष झाल्यास कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून अशा रुग्णांना उपचारानंतरही ठरावीक काळाने तपासणीला यावे लागते.

पहिली पायरी : स्वच्छता, मलम आणि संयम

त्वचेवर कायमचा व्रण नसेल, तर उपचार शस्त्राने सुरू होत नाही. आधी संसर्ग असल्यास तो बरा केला जातो. बुरशीसाठी बुरशीनाशक मलम, जिवाणूंचा संसर्ग असल्यास प्रतिजैविक. मधुमेह असल्यास साखर आटोक्यात आणली जाते. सुगंधी साबण, जंतुनाशक द्रव यांचा मारा टाळून साध्या पाण्याने धुणे व भाग कोरडा ठेवणे एवढे पथ्य असते.

त्यानंतर घट्ट कड्यावर स्टिरॉइड मलम, बहुधा ०.०५ टक्के बीटामेथासोन, दिवसातून एकदा किंवा दोनदा पातळ थरात लावायला देतात. हा उपचार साधारण चार ते आठ आठवडे चालतो. मलमामुळे दाह उतरतो, त्वचा मऊ व लवचीक होते. सोबत कोमट पाण्याच्या आंघोळीनंतर त्वचा दुखणार नाही इतपत मागे घेऊन काही क्षण धरावी व पुन्हा पुढे आणावी, असा व्यायाम सांगितला जातो. वेदना झाली की थांबायचे आणि त्वचा मागे सोडून द्यायची नाही, हे दोन नियम यात कटाक्षाने पाळावे लागतात.

मुलांमधील या उपचाराची परिणामकारकता चांगली अभ्यासली गेली आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात १२ चाचण्यांमधील १,३९५ मुलांची माहिती तपासली गेली. स्टिरॉइड मलमाने घट्टपणा पूर्ण किंवा अंशतः सुटण्याची शक्यता औषधाविना असलेल्या मलमापेक्षा लक्षणीय अधिक असल्याचे त्यात दिसून आले. प्रौढांमध्येही व्रण नसलेल्या घट्टपणात हा उपचार करून पाहिला जातो. लायकेन स्क्लेरोसस असेल, तर अधिक तीव्र म्हणजे क्लोबेटासोलसारखे मलम त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली देतात.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. औषधाच्या दुकानातून स्टिरॉइड, बुरशीनाशक व प्रतिजैविक एकत्र असलेली मलमे चिठ्ठीविना घेऊन महिनोन्‌महिने लावण्याची प्रवृत्ती देशभर आहे. त्यामुळे बुरशी दबते पण जात नाही आणि त्वचा पातळ होते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अनेक स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा औषधांच्या यादीत टाकली, ती याच गैरवापरामुळे.

शस्त्रक्रिया केव्हा आणि कोणती?

मलमाचा उपयोग न झाल्यास, व्रणामुळे त्वचा ताठ झाल्यास, दाह वारंवार उलटत असल्यास किंवा लघवीस अडथळा असल्यास शस्त्रक्रियेचा विचार होतो. तिचे प्रमुख प्रकार असे :

• सुंता : अग्रत्वचा पूर्ण काढून टाकली जाते. घट्टपणा पुन्हा येण्याची शक्यता यात सर्वांत कमी. लायकेन स्क्लेरोसस व ठळक व्रण असलेल्या रुग्णांसाठी हाच पर्याय योग्य मानला जातो.

• अग्रत्वचा रुंद करणे : घट्ट कड्यावर उभा छेद देऊन तो आडवा शिवला जातो. त्यामुळे तोंड रुंद होते आणि त्वचा कायम राहते. ज्यांना सुंता नको आहे आणि ज्यांच्या त्वचेवर मोठा व्रण नाही, त्यांनी हा पर्याय आवर्जून विचारावा.

• खालची आखूड पट्टी सैल करणे : दोष केवळ पट्टीत असेल, तर तेवढीच छोटी शस्त्रक्रिया पुरते. यात सुंतेची गरज नसते.

• वरच्या बाजूने उभा छेद : तातडीच्या प्रसंगी किंवा रुग्णाची प्रकृती मोठ्या शस्त्रक्रियेयोग्य नसल्यास हा मार्ग अवलंबतात.

लेझर किंवा स्टेपलरने केलेली शस्त्रक्रिया हा निराळा उपचार असल्याचे जाहिरातींतून भासवले जाते. प्रत्यक्षात त्या सुंताच असतात. फरक फक्त कापण्याच्या व शिवण्याच्या साधनाचा. स्टेपलरने वेळ वाचतो, पण खर्च वाढतो. निवड करताना साधनापेक्षा शल्यचिकित्सकाचा अनुभव व निर्जंतुकीकरण महत्त्वाचे.

प्रौढांमध्ये ही शस्त्रक्रिया बहुधा केवळ तेवढा भाग बधिर करून होते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. टाके बहुतांशी आपोआप विरघळणारे असतात. पहिले काही दिवस सूज राहते, शिश्नमुंड कपड्याला घासल्याने हुळहुळते आणि रात्री ताठरता आल्यास टाके ओढल्यासारखे दुखतात. जखम वरवर दोन-तीन आठवड्यांत भरते. मात्र लैंगिक संबंध व हस्तमैथुन चार ते सहा आठवडे टाळावे लागते. रक्तस्राव, संसर्ग, त्वचा कमी-अधिक कापली जाणे, संवेदनेत बदल हे संभाव्य धोके आहेत आणि संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी ते विचारून घेणे हा रुग्णाचा हक्क आहे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास किंवा साखर वाढलेली असल्यास ते आधीच सांगावे. काढलेली त्वचा संशयास्पद दिसल्यास ती सूक्ष्मदर्शक तपासणीसाठी पाठवली जाते. अहवाल मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नये.

काही तासांचे संकट

मागे सरकवलेली घट्ट त्वचा पुढे येईनाशी झाली, तर तिचे कडे शिश्नमुंडामागे दोरीसारखे आवळते. पुढचा भाग सुजतो आणि सुजल्याने कडे आणखी आवळते. याला ‘पॅराफायमोसिस’ म्हणतात. लक्ष न दिल्यास रक्तपुरवठा थांबून ऊती मरू लागतात. अशा वेळी सकाळची वाट न पाहता जवळच्या रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग गाठावा. डॉक्टर तो भाग बधिर करतात, सूज हाताने सावकाश दाबून कमी करतात आणि त्वचा पुढे आणतात. ते न जमल्यास छेद द्यावा लागतो. शिश्नमुंड काळपट किंवा निळसर दिसू लागणे ही गंभीर स्थितीची खूण आहे.

हा प्रसंग केवळ तरुणांवरच येतो असे नाही. लघवीची नळी घातलेल्या वृद्ध रुग्णाची त्वचा नळी बसवताना मागे घेतली जाते आणि ती पुढे आणायची राहून जाते. घरी अंथरुणाला खिळलेल्या वडिलांची किंवा आजोबांची शुश्रूषा करणाऱ्यांनी अंग पुसल्यानंतर त्वचा पूर्ववत पुढे आणली आहे ना, हे दर वेळी पाहावे.

लिंग ‘आत जाण्याची’ भीती

अग्रत्वचेच्या घट्टपणाशी अनेकदा गल्लत होणारी आणखी एक तक्रार म्हणजे लिंग आत ओढले जात असल्याची जाणीव. थंडी, भीती किंवा ताण यांमुळे शिश्न तात्पुरते आकसते. हा शरीराचा स्वाभाविक प्रतिसाद आहे. ओटीपोटावरील चरबी वाढली की शिश्न तिच्यात दडल्यासारखे दिसते. त्याची लांबी घटलेली नसते, पण सतत ओलसर राहणाऱ्या त्या जागेत दाह होऊन त्वचा घट्ट होऊ शकते. तेथे वजन कमी करणे हा उपचाराचा आवश्यक भाग ठरतो. सुंता केल्यास अशा काही रुग्णांमध्ये व्रण आकसून शिश्न आणखी आत अडकते, म्हणून निर्णय तज्ज्ञानेच घ्यावा. ताठरतेच्या वेळी शिश्न वाकू लागले असेल किंवा आखूड झाल्यासारखे वाटत असेल व आत गाठ लागत असेल, तर तो पेरोनी नावाचा वेगळा विकार असू शकतो.

काही वेळा मात्र शरीरात कोणताही दोष नसतो. लिंग पोटात जाऊन आपण मरणार, अशा तीव्र भीतीला मानसोपचारात ‘कोरो’ म्हणतात. १९८२ मध्ये उत्तर बंगाल व आसामच्या काही भागांत अफवांमुळे या भीतीची साथच पसरली होती. लिंगाला दोरे बांधणे, ते ओढून धरणे यांसारख्या उपायांनी होते ती इजा खरी असते. येथे औषध म्हणजे धीर देणे, तपासून दाखवणे आणि गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञांची मदत.

गैरसमज आणि जाहिराती

अग्रत्वचा घट्ट असल्याने शुक्रजंतू कमी होतात किंवा पुरुषत्व घटते, याला आधार नाही. संबंधाच्या वेळी वेदना होणे, त्यामुळे दोघांमध्ये दुरावा येणे हे मात्र घडते. लग्नाआधी तपासणी करून घेतल्यास ते सहज टळते आणि पत्नीशी मोकळेपणाने बोलल्यास उपचाराचा काळही सुकर जातो. सुंता केलेल्या पुरुषांना एचआयव्हीचा धोका काहीसा कमी असल्याचे आफ्रिकेतील चाचण्यांत दिसले आणि २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्या संदर्भात शिफारसही केली. परंतु तिचा रोख साथीचे प्रमाण जास्त असलेल्या देशांवर होता. सुंता झाली म्हणून निरोधची गरज संपते, असा तिचा अर्थ नाही.

रेल्वेमार्गालगतच्या भिंतींवर आणि आता मोबाइलवर दिसणाऱ्या ‘गुप्तरोग’ जाहिराती हा उपचाराच्या वाटेतील मोठा अडथळा आहे. लैंगिक क्षमता वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाने मनाई आहे. लैंगिक अवयवाचा आकार सुधारण्याचा दावा औषधाला करता येणार नाही, हेही औषधविषयक नियमांच्या अनुसूची ‘जे’ मध्ये नमूद आहे. तेलाने घट्ट व्रण सुटत नाही. उलट तीव्र तेले व लेपांनी त्वचा भाजते.

कोणाकडे जावे?

सुरुवात जवळच्या सरकारी किंवा खासगी डॉक्टरांपासून करता येते. पुढे सर्जन, मूत्ररोगतज्ज्ञ किंवा त्वचारोगतज्ज्ञ यांची गरज ते ठरवतात. भिलाईत सेक्टर ९ मधील पोलाद कारखान्याचे जवाहरलाल नेहरू रुग्णालय व संशोधन केंद्र, शेजारी दुर्गचे जिल्हा रुग्णालय, तर रायपूरच्या टाटीबंध भागात अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आहे. हावडा-मुंबई रेल्वेमार्गावर पश्चिमेकडे गोंदिया व नागपूर येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तपासणी काही मिनिटांची असते. पुरुष डॉक्टर हवे असल्यास तसे सांगता येते, आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे हे डॉक्टरांचे कर्तव्यच आहे.

काही लक्षणांत मात्र एक आठवडाही दवडू नये. त्वचेखाली हाताला लागणारी गाठ, भरून न येणारा व्रण, दुर्गंधीयुक्त किंवा रक्तमिश्रित स्राव आणि जांघेत वाढणारी गाठ ही शिश्नाच्या कर्करोगाची लक्षणे असू शकतात. दीर्घकाळचा घट्टपणा, ‘एचपीव्ही’ विषाणूचा संसर्ग आणि तंबाखू ही त्याची ज्ञात कारणे आहेत. लवकर निदान झाल्यास अवयव वाचवून उपचार करता येतो. गाठ जांघेत पसरल्यावर शस्त्रक्रिया मोठी होते आणि बरे होण्याची शक्यता घटते. त्वचा मागे जात नसल्याने आतली जखम रुग्णालाच दिसत नाही, म्हणून अशा पुरुषाने त्रास नसला तरी एकदा तपासून घेणे हिताचे आहे.